पाटे बदलले, मागची उंची वाढली, आणि तिसऱ्या दिवशी कटकट: पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनचं घरी केलेलं काम

नमुन्यादाखल एक गाडी धरू. चार दरवाज्यांची पिकअप, खाली शिडीसारखी चॅसिस, पुढे विशबोन आणि स्प्रिंग चढवलेले स्ट्रट, मागे सलग ॲक्सल आणि त्याच्या वर बसवलेले पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या गठ्ठ्याची स्प्रिंग. रिकामं वजन साधारण १,९५० किलो, व्हीलबेस ३,०५० मिमी. हौद्यात कायमच्या दोन हत्यारपेट्या आणि एक जनरेटर, मिळून २२० किलो. कामाच्या दिवशी त्यावर आणखी ३०० किलो. पाटे मूळचेच, दीड लाख किलोमीटर चाललेले.

तक्रारी तीन होत्या. खड्ड्यात मागचा भाग बंप स्टॉपवर (ॲक्सलला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळायचा, रात्री समोरून येणारे वाहनचालक डिपर मारायचे, आणि उजव्या शॉकअपच्या नळीवर तेलात भिजलेल्या धुळीचा काळा थर बसला होता. मालकाने नवे पाटे, नवे शॉकअप आणि पुढच्या दोन स्प्रिंग असा पूर्ण संच आणला आणि एका मदतनिसाच्या साथीने दोन दिवसांत घरीच काम उरकायचं ठरवलं. काम झालं. पण तिसऱ्या दिवशी डाव्या मागच्या बाजूने कटकट सुरू झाली. तपासात तीन चुका निघाल्या. त्यातली सगळ्यांत गंभीर चूक आवाज न करणारी होती.

आधी टेप, मग पाना

गाडी मागून खाली बसली आहे हे डोळ्यांना दिसतं, पण किती आणि कुठल्या बाजूने हे टेपच सांगतो. जमिनीपासून माप घेऊ नये, कारण टायरमधल्या हवेने ते बदलतं. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावं. इथे कायमचं सामान भरलेलं असताना डावीकडे ४६० मिमी आणि उजवीकडे ४७२ मिमी भरलं. मूळच्या चांगल्या पाट्यांवर एवढ्याच सामानासकट ते ४८५ च्या आसपास असायला हवं होतं. ही मापं पहिल्याच दिवशी कागदावर उतरवली म्हणून पुढे चूक सापडली. नुसतं "बरीच वर आली" असं म्हटलं असतं, तर एक बाजू १२ मिमी जास्त वर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

पाटे निवडताना कायमचं वजन धरायचं, क्वचित कधी भरायचं वजन नाही. मालकाच्या मनात ५०० किलो कायमच्या वजनाचे पाटे होते. २२० किलोवर ते इतके कडक राहिले असते, की रिकाम्या रस्त्यावर मागचा ॲक्सल उड्या मारत गेला असता आणि ओल्या वळणावर मागच्या टायरची पकड सुटली असती. शेवटी २०० ते ३०० किलो कायमच्या वजनासाठी बनवलेला संच घेतला, तो निर्णय योग्य होता. आणखी एक गोष्ट स्पष्ट हवी. पाटे कितीही जाड घाला, गाडीच्या प्लेटवर लिहिलेलं कमाल वजन वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. नवा पाटा गाडीला सरळ उभं ठेवतो. ज्यादा माल वाहायची परवानगी तो देत नाही.

सामानाची यादी करताना लोक पाटे आणि शॉकअप आठवणीने आणतात आणि छोट्या वस्तूंवर अडतात. पाटा ॲक्सलला आवळून धरणारे, प्रत्येक बाजूला दोन, असे चार नवे यू बोल्ट आणि त्यांचे आठ नट हवेतच. यू बोल्ट आवळताना ताणला जातो, आटे थोडे दबतात. तोच परत वापरला तर पाना आकडा दाखवतो, पण पकड तेवढी येत नाही. पुढच्या डोळ्याचे (पाट्याच्या टोकाला गोल वळवलेल्या भागाचे) दोन बोल्ट नट-वायसरसकट नवे घ्यावेत, कारण जुने बहुतेक वेळा कापूनच काढावे लागतात. डोळ्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) रबरी बुश, आणि ज्या गाडीला ब्रेकचा भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह आहे तिच्यासाठी त्याच्या दांडीचा ब्रॅकेटही याच वेळी आणावा. या शेवटच्या वस्तूकडे या प्रकरणात कुणी पाहिलंच नव्हतं.

गाडी उचलणं

मागची बाजू उचलायची आहे म्हणून मालकाने हँडब्रेक ओढला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. ही सवय चांगली आहे, पण इथे तिचा काही उपयोग नाही. अशा गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. टू-व्हील ड्राइव्हमध्ये गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची चाकं हवेत गेली की दोन्ही निकामी, आणि दोन टनांची गाडी पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर उभी राहते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी उटी लावायची. चार भक्कम ठोकळे, टायरला ठोकून बसवलेले. मिळेल तो दगड चालत नाही. जमीन सपाट आणि पक्की हवी. माती किंवा उन्हाने मऊ झालेलं डांबर असेल तर स्टँडचे पाय एका कोपऱ्यातून रुततात.

हौद्यातलं २२० किलो सामान आधी उतरवावं. स्टँड प्रत्येकी किमान ३ टनांचे, आणि ते चॅसिसच्या रेलखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (चॅसिसवर पाटा अडकवायच्या ब्रॅकेटच्या) थोडे पुढे. ॲक्सलखाली स्टँड लावून पाटे काढता येत नाहीत, कारण ॲक्सलला खाली जायला जागा हवी असते. जॅक हळू सोडून वजन स्टँडवर द्यायचं, आणि खाली जाण्याआधी उभ्यानेच हौद्याच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी जोरात हलवून बघायचं. डगमगायचीच असेल तर ती तेव्हा डगमगू दे. काढलेली दोन्ही चाकं चॅसिसखाली आडवी सरकवून ठेवायची. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर येते आणि खालच्या माणसाला तेवढी जागा उरते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये. हायड्रॉलिक जॅकचं सील फाटतं तेव्हा आधी सांगून फाटत नाही.

स्टँडवर चढवल्यावर दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले. ॲक्सलच्या नळीखाली दुसरा ट्रॉली जॅक टेकवून ठेवलेला होता. शॉकअप सुटला की ॲक्सल खाली लोंबतो आणि त्याचं सगळं वजन ब्रेकच्या रबरी होजवर आणि एबीएसच्या वायरीवर येऊ शकतं. म्हणून होजची क्लिप, वायरीचा ब्रॅकेट आणि डिफ्रन्शियलची श्वासनळी (आतली हवा ये-जा करायची नळी) आधीच मोकळी करायची. जॅक खाली घेताना एकाने फक्त होजकडे बघत राहायचं. इथे मदतनिसाने वेळेवर हाक मारली, "दादा, थांब, होज ताणली." क्लिप दोन होत्या, मालकाने एकच सोडली होती. ताणलेली होज बाहेरून धड दिसते, पण आतल्या थराला चीर जाते, आणि ती नंतर ब्रेक दाबल्यावर फुगते.

एक बाजू पूर्ण, मग दुसरी

दोन्ही बाजूंचे यू बोल्ट एकाच वेळी सोडणं ही घरच्या कामातली सगळ्यांत मोठी चूक. डिफ्रन्शियलचा जड पुढचा भाग, जिथे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा फिरता दांडा) जोडलेला असतो, तो खाली झुकतो आणि ॲक्सल जॅकवर गोल फिरतो. तेव्हा त्याला हाताने कुणी थांबवू शकत नाही. एका बाजूचे यू बोल्ट घट्ट असले की तीच बाजू ॲक्सलला फिरू देत नाही. ही शिस्त इथे पाळली गेली आणि त्यामुळे काम शांतपणे झालं.

पुढच्या डोळ्याचा बोल्ट हमखास अडतो. तो बुशच्या आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला असतो, नट निघतो पण बोल्ट हलत नाही. आदल्या रात्री आणि सकाळी गंज सोडवणारं तेल मारलं तर निम्मी लढाई जिंकता येते. उजवा बोल्ट असाच सुटला. डावा नाही, आणि त्या बाजूला हातभर अंतरावर डिझेलची टाकी. मालकाने गॅसची बत्ती आणायचा विचार बोलून दाखवला, तो तिथेच सोडला हे चांगलं झालं. टाकी आणि ब्रेकच्या नळीजवळ आग किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत. हँगर आणि बुश यांच्यामधल्या फटीत लांब पात्याची इलेक्ट्रिक करवत घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. पंचवीस मिनिटं लागली, पण ठिणगी उडाली नाही. डोळ्यावर चष्मा मात्र हवाच. वर बघत काम करताना गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यात येतात.

पाट्यावरचा ताण गेला की नाही ते हाताने कळतं. जॅक इंच-इंच खाली घेत जायचं आणि शॅकलचा भाग पहारीने हलवून बघायचा. तो मोकळा झुलू लागला की ताण संपला. त्याआधी शॅकलचा बोल्ट ठोकून काढला तर तो गोळीसारखा बाहेर येतो. पाट्यांचा गठ्ठा २५ ते ३० किलोच्या घरात असतो आणि त्याचं वजन मध्यभागी असतं, म्हणून तो दोघांनी उतरवायचा. गठ्ठ्याचा सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट) काही कारणाने सोडायचा असेल, तर आधी दोन्ही बाजूंना दोन शिकंजे आवळायचे. तसं न करता सोडला तर पाटे झटक्यात उघडतात आणि बोटं त्यांच्यामध्ये असतील तर ती जातात.

नवा पाटा बसवताना पुढचा डोळा आधी, मग शॅकल. बोल्ट फक्त हाताने, नट आट्यावर चढेपर्यंत. नवा पाटा जास्त वाकडा असल्याने दोन डोळ्यांमधलं अंतर कमी असतं आणि शॅकल पुढे ओढला जातो. वजनाखाली उभा असताना मागचा शॅकल वरून खाली मागे झुकलेला हवा, कारण पाटा दबला की लांब होतो आणि ती लांबी शॅकल मागे सरकून सामावतो. तो सरळ उभा किंवा पुढे झुकलेला राहिला तर मोठ्या खड्ड्यात अडकू शकतो. या गाडीत तो उभ्या रेषेपासून बराच मागे राहिला. पाटा फार कडक निवडला असता तर कदाचित राहिला नसता.

मग जॅकने ॲक्सल वर चढवायचा, पाट्याच्या सेंटर बोल्टचं गोल डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या छिद्रात बसेपर्यंत. इथे डाव्या बाजूला पहिली चूक झाली, ती पुढे सविस्तर येते. यू बोल्टच्या चार नटांपैकी एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नये. तिरके, एकाआड एक, तीन टप्प्यांत आवळायचे. या वर्गातल्या गाड्यांमध्ये यू बोल्टच्या टॉर्कसाठी, म्हणजे आवळायच्या जोरासाठी, साधारण १०० ते १५० न्यूटन-मीटरदरम्यानचे आकडे दिसतात. आपल्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. इथे ११० होता, म्हणून टप्पे ३०, ७० आणि ११०. नटाच्या वर उरलेले आटे चारही ठिकाणी सारखे दिसायला हवेत. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, मॅन्युअलने स्पष्ट सांगितलं असेल तरच लावावं. ग्रीसने घर्षण कमी होतं, आणि त्याच आकड्यावर बोल्ट भलताच जास्त ताणला जातो.

शॉकअपचं फारसं काही नाही. नवे शॉकअप बहुतेक नायट्रोजन भरलेले असतात, पट्टा कापल्यावर आपोआप लांब होतात. तोंड बाजूला ठेवून पट्टा कापावा. दोन नळ्यांचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे आत मिसळलेली हवा वर निघते. चकचकीत दांडीला पक्कड लावायची नाही. एक ओरखडा पडला तरी तो सील कापत राहतो आणि महिन्याभरात तेल बाहेर येतं.

पुढच्या स्प्रिंगचं काम घरी केलं नाही, आणि ते करूही नये. स्ट्रटवरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. वरचा मधला नट हीच तिला धरून ठेवणारी एकमेव गोष्ट. हाताने आवळायच्या दोन हुकांच्या स्वस्त दाबयंत्रातून ती निसटली तर छातीवर येते. पूर्ण स्ट्रट तीन वरच्या नटांवर आणि खालच्या बोल्टवर काढून, स्प्रिंग बदलायला पक्क्या प्रेसवर पाठवला, एवढंच घरचं काम. परत बसवल्यावर चाकांचं अलाइनमेंट केलं.

तिसरा दिवस

ऐंशी किलोमीटरनंतर डाव्या मागच्या बाजूने कटकट येऊ लागली. गाडी सुटताना एक, ब्रेक मारताना एक, सपाट रस्त्यावर काहीच नाही. हा आवाज नेमकं काय सांगतो ते समजून घ्यायला हवं. शॉकअपचा बुश सैल असता तर आवाज खड्ड्यात आला असता. वेग घेताना आणि ब्रेक मारताना ॲक्सल पुढे-मागे सरकायचा प्रयत्न करतो, म्हणजे आवाज त्याला धरणाऱ्या जागेतून येतोय.

टेप पुन्हा काढला. पुढच्या हँगरच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या नळीच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे उजवीकडच्यापेक्षा ६ मिमी जास्त. ॲक्सल तिरका झाला होता आणि गाडी किंचित आडवी चालत होती. डाव्या यू बोल्टवर टॉर्क पाना लावला तर चारपैकी तीन नट ७० च्या आसपासच फिरू लागले. म्हणजे आवळलेली पकड निघून गेली होती.

गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन डावे यू बोल्ट सोडले, ॲक्सल दोन बोटं खाली घेतला आणि टॉर्च मारली. बैठकीच्या काळ्या रंगावर, छिद्राच्या पुढच्या कडेला, अर्ध्या चंद्रासारखी एक चकचकीत खूण. रंग घासून गेलेला, लोखंड आरशासारखं उघडं, आणि सेंटर बोल्टच्या डोक्याच्या कडेवर तसाच एक चपटा ओरखडा. डोकं छिद्रात उतरलंच नव्हतं, ते कडेवर टेकून बसलं होतं. छिद्रात स्क्रूड्रायव्हर घालून खरवडल्यावर गंजाची आणि चिखलाची सुकलेली वडी निघाली. दीड लाख किलोमीटरचा साठा. काम करताना उजवं छिद्र साफ केलं होतं, डावं करायचं राहून गेलं.

इथे एक गैरसमज आहे, तो दूर झाला की ही चूक परत होत नाही. सेंटर बोल्ट ॲक्सलला धरून ठेवत नाही. तो फक्त ॲक्सलची जागा ठरवतो. खरी पकड यू बोल्टच्या दाबाने, पाटा आणि बैठक यांच्यातल्या घर्षणातून येते. डोकं कडेवर टेकल्याने पाटा आणि बैठक यांच्यात एका बाजूला कागदाच्या घडीएवढी फट राहिली. यू बोल्ट त्या फटीवर आवळले गेले. पानाने ११० दाखवले, कारण नट खरंच तेवढा आवळला होता. ऐंशी किलोमीटरच्या धक्क्यांनी कड दबली, फट मिटली, आणि तेवढ्या प्रमाणात यू बोल्ट सैल पडले. असंच चालवत राहिलं असतं तर सेंटर बोल्ट तुटला असता आणि भरलेल्या गाडीत, उतारावर, ब्रेक मारताना ॲक्सल मागे गेला असता.

दुरुस्ती सोपी होती. छिद्र आणि बैठक तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ केली, डोक्याच्या व्यासाशी छिद्र जुळतं का ते कॅलिपरने पाहिलं, डावे दोन्ही यू बोल्ट नव्याने आणले, आणि या वेळी आवळण्याआधी पाटा व बैठक यांच्यात चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून पाहिलं. सगळ्यांत पातळ पातंही आत गेलं नाही, तेव्हाच पाना हातात घेतला.

उजवीकडची १२ मिमी

दुसरी चूक टेपने दाखवली. सामान भरल्यावर उजवीकडे ५२२, डावीकडे ५१०. नवे पाटे एकाच संचाचे, मग फरक का?

बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी हँगरला घट्ट बसते आणि पाटा हलतो तेव्हा रबर पिळतं. ते पिळणं हेच त्याचं काम. पण उजव्या बाजूचे डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट ॲक्सल लोंबत असताना पूर्ण आवळले होते. गाडी जमिनीवर उतरली, पाटा दबला आणि रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहिलं. तेच पीळ भरलेलं रबर गाडीला वर ढकलत होतं. उंची जास्त, चाल कडक, आणि काही महिन्यांत बुश फाटणार हे ठरलेलं.

उपाय: गाडी चारही चाकांवर, हौद्यात कायमचं सामान, पुढची चाकं उटीत. उजवे तीनही बोल्ट अर्धा फेरा सैल केले, मागची बाजू चार-पाच वेळा दाबून सोडली, आणि मग तिथेच, त्याच उंचीवर, पूर्ण टॉर्क दिला. उजवीकडे ५११, डावीकडे ५०९ झालं. पॉलियुरेथेनचे बुश असते तर ते फिरू शकले असते, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. साधं पेट्रोलियम ग्रीस रबरी बुशला तर लावूच नये, ते रबर फुगवतं.

आवाज न करणारी चूक

मागच्या ॲक्सलवरून एक बारीक दांडी वर चॅसिसवरच्या एका पितळी दिसणाऱ्या तुकड्याकडे जाते. सगळ्या पिकअपमध्ये नसते. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ब्रेकचा दाब वाटून होतं. पण या गाडीत होती. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. ब्रेक जोरात मारला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. म्हणून हा व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो आणि माल भरला की वाढवतो.

व्हॉल्व्ह वजन मोजत नाही, तो अंतर मोजतो. मूळच्या पाट्यांवर २२० किलोला चॅसिस आणि ॲक्सलमध्ये जेवढं अंतर राहायचं, त्यापेक्षा आता सुमारे २५ मिमी जास्त. म्हणजे भरलेली गाडी व्हॉल्व्हला रिकामी दिसते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. वर आणखी ३०० किलो भरले तरी नव्या कडक पाट्यांवर गाडी तेवढी दबत नाही, त्यामुळे चूक तशीच राहते. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. ते जास्त तापतात, थांबायचं अंतर वाढतं, आणि चालकाला वाटतं की नव्या पाट्यांमुळे गाडी "जड" वागतेय. कुठलाही दिवा लागत नाही, आवाज येत नाही. मालकाच्या हेही लक्षात आलं नव्हतं. कटकटीसाठी खाली गेल्यावर दांडी सरळ ताणलेली दिसली, म्हणून सापडलं.

दांडी वाकवून किंवा तारेने बांधून हे सोडवू नये. पाट्याच्या संचासाठी येणारा ब्रॅकेट लावून दांडीचं ॲक्सलवरचं टोक उंच केलं आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापावर तिची लांबी जुळवली. त्यानंतर ब्रेकच्या कामात मुरलेल्या कारागिराकडून पुढच्या आणि मागच्या लाइनीत दाबमापक लावून दोन्ही आकडे तपासून घेतले. हे घरी होत नाही, आणि ब्रेकबाबत "बहुतेक बरोबर असेल" चालत नाही.

उंचीवर बेतलेलं बाकी सगळं

हेडलाइटचा हिशोब कागदावर करता येतो. मागची बाजू सरासरी ४६६ वरून ५१० वर गेली, म्हणजे ४४ मिमी. व्हीलबेस ३,०५० मिमी असेल तर १० मीटरवर झोत साधारण १४ सेंटिमीटर खाली येतो. डिपर मारणारे थांबले ते यामुळेच, पण ज्यांनी बसलेल्या गाडीवर दिवे खाली करून घेतलेले असतात त्यांना आता समोरचा रस्ताच कमी दिसतो. कायमचं सामान भरून, टायरला बरोबर हवा घालून, भिंतीवर दिवे नव्याने जुळवले. पुढच्या स्प्रिंग बदलल्यामुळे हे सगळ्यांत शेवटी केलं.

प्रोपेलर शाफ्टची तपासणी सगळे विसरतात. मागचा शाफ्ट १,२५० मिमीचा असेल तर ४४ मिमीने त्याचा उतार सुमारे २ अंशांनी बदलतो. ऐकायला भयंकर, पण जुनी गाडी बसलेली होती. कारखान्यातल्या उंचीपासून खरा फरक जेमतेम १ अंश. गिअरबॉक्सचं आणि डिफ्रन्शियलचं तोंड यांचे कोन अंशमापकाने मोजले, ते एकमेकांशी साधारण समांतर निघाले, म्हणून कोन बदलणारी शिम, म्हणजे पाचर, घातली नाही. सुटताना, वेग घेताना खालून घरघर जाणवली असती तर कोन पाहावा लागला असता. पाचर घालायचीच वेळ आली तर ती पोलादी घ्यावी. ॲल्युमिनियमची पाचर दबून पातळ होते आणि यू बोल्ट पुन्हा सैल.

गाडी पूर्ण लोंबती असताना ब्रेकची होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफ्रन्शियलची श्वासनळी, चारही ठिकाणी ढिलाई आहे का हे हाताने ओढून पाहिलं. श्वासनळी अपुरी पडत होती, ती १५ सेंटिमीटरने लांब केली.

पुढची तपासणी १०० किलोमीटरवर: आठ यू बोल्ट नट, चाकांचे नट, शॉकअपचे खालचे बोल्ट. सगळे आपापल्या टॉर्कवर टिकून होते, फक्त डाव्या मागच्या यू बोल्टचा एक नट जेमतेम पाव फेरा फिरला. ५०० किलोमीटरला तोही हलला नाही. हँगरपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं, उंची डावीकडे ५०७, उजवीकडे ५०८.